दिसता थंय नासता

चष्मा काढा मॅडम, म्हणाला रोहिदास पागी,
आणि माझा अडीच नंबर
त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घातला,
ग्लुकोज बिस्किटांच्या पुड्याशेजारी.

तेवढ्यात पाळोळ्याचा किनारा विरघळला.
माड म्हणजे हिरवे डाग,
शॅक म्हणजे वाळत घातलेले कपडे,
आणि माझ्यासोबत आलेल्या निवृत्त बायका
नारिंगी, नुसत्याच नारिंगी.

दोघांची कयाक. पुढे मी, मागे तो.
"उजवें. आतां दावें. जोर नाका, मॅडम."

मी पोहायला शिकले कऱ्हाडच्या एका विहिरीत,
पाठीला पत्र्याचा डबा,
काठावर मामा, त्याच्या हातात दोरी.
विहिरीला एकच दिशा असते, खालची.
इथे सगळीकडे जाता येत होतं
आणि दोरी कुठेच नव्हती.

बेटाच्या आडोशाला ओहोटीने उघडे पडलेले खडक,
त्यांवर कालवांची धार.
नांगराचा दगड सोडून त्याने मास्क दिला.
"आंत थुंका, मॅडम. काच धुकट जायना मागीर."
अठ्ठावीस वर्षं
थुंकणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर उभं केलं.
थुंकले.

नळीतून येणारा श्वास माझा वाटेना.
शेजारी कुणी दमेकरी झोपलाय
आणि त्याला उठवायचं नाही, असा.

मग तोंड खाली.

पोवळी नव्हती. जाहिरातीतला निळा रंगही नव्हता.
ताकाच्या निवळीसारखं पाणी,
खडक, शेवाळ, कुणाची तरी हरवलेली एक चप्पल,
आणि काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे पाच-सहा मासे,
मधल्या सुट्टीत नळाभोवती असावेत तसे.
आणि ते मला दिसत होते.
चष्म्याशिवाय. खवल्यांसकट.

पाण्याने माझा नंबर जरासा उतरवून दिला होता.

हे मला ठाऊक होतं.
ठाऊक म्हणजे: दहावी ब, पेला, पेन्सिल,
फळ्यावर खडूने मोडलेली रेघ,
वस्तू आहे त्यापेक्षा जवळ दिसते,
तीन गुण, आकृती आवश्यक.
पेल्यात तोंड कुणी घातलं होतं?

हात पुढे केला. मासा तिथे नव्हता.
पुन्हा केला.
मुठीत पाणी, तेही राहिलं नाही.

वर आले तर रोहिदास हसत होता,
कयाक धरून, छातीभर पाण्यात,
छातीपाशी मोडलेला,
पाय भलत्याच माणसाचे वाटावेत असे.
"दिसता थंय नासता, मॅडम.
बापायन शिकयलें. भालो सकयल मारचो."
मग माझ्यासाठी मराठीत:
"मासा दिसतो ना, त्याच्या खाली मारायचा."
किती खाली?
त्याने चार बोटं दाखवली.
मग पाण्याकडे बघितलं
आणि एक बोट मिटलं.

शिकलायस किती रे? (खोड जाते कुठे.)
"धावी. विज्ञानांत दोन फावट नापास जालों."

कुठल्या धड्यात, ते मी विचारलं नाही.
पण ते गठ्ठे आठवले, मार्चमधले,
पंख्याखाली फडफडणारे, कोपऱ्यावर डस्टर ठेवलेले.
त्यांत कुणीतरी लिहिलं असेल, चार बोटं,
आणि एकक नाही म्हणून
मी अर्धा गुण कापला असेल,
लाल शाईने, अगदी सरळ रेघेत.

त्याने बिस्किटं पुढे केली. खारट झाली होती.
लांब कुठेतरी एक इंजिनची होडी
डॉल्फिन डॉल्फिन म्हणून ओरडत गेली,
आम्ही मान वळवली नाही.

परतताना वारा समोरून.
चष्मा मागायचं राहून गेलं, की मागितला नाही,
आता सांगता येत नाही.
मागून दोनदा आवाज आला:
"मॅडम, वल्हें उरफाटें धरलां."
दोन्ही वेळा मी म्हटलं,
दिसतंय मला.